गोल्फचा बॉल निवडताना सुरुवात ग्रीनवरून करा

जूनच्या पहिल्या आठवड्यात, पाऊस यायच्या आधी, आमच्या नागपूरच्या कोर्सवरचे मामा वर्षभरात सापडलेले बॉल विकायला काढतात. मामा म्हणजे तिथले सगळ्यांत जुने कॅडी. दोन वर्षांपूर्वी त्यांनी ओट्यावर गोणी उपडी केली, मी वाकून चाळायला लागलो, आणि एकामागून एक सहा बॉलवर निळे दोन ठिपके दिसले. माझीच खूण. सहाही टूर बॉल, म्हणजे टीव्हीवरचे खेळाडू वापरतात तसले, आणि एकावरही ओरखडा नाही. मामा म्हणाले, "तुमचेच आहेत जी. पण एकेका फटक्यातच तं हरवले, तुम्ही ओळखाल असं वाटलं नव्हतं."

तेव्हा माझा हँडिकॅप १९ होता, म्हणजे खेळ बेताचाच. तरी मी वर्षभर सगळ्यांत महाग बॉल खेळत होतो, कारण दुकानदारानं सांगितलं होतं की हा लांब जातो. तो लांब जायचा, यात वाद नाही. डावीकडच्या बाभळींत लांब जायचा.

त्या दिवसापासून मी बॉल या वस्तूकडे नीट बघायला लागलो. ड्रायव्हर, म्हणजे सगळ्यांत लांब मारायचा क्लब (काठी), एका फेरीत जास्तीत जास्त चौदा-पंधरा वेळा हातात येतो, भोकाकडे लोळवायचा पटर तीस-पस्तीस वेळा. बॉल मात्र प्रत्येक फटक्याला असतोच. तरी आपण ड्रायव्हरवर सहा महिने विचार करतो आणि बॉल काउंटरवर जो समोर दिसेल तो उचलतो. हा लेख त्या काउंटरपुढे उभं राहण्याआधी वाचावा असा लिहिला आहे. थोडा इतिहास येईल, कारण त्याशिवाय डब्यावरचे शब्द कळत नाहीत.

पिसं, चीक आणि रबराचा धागा

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत चांगला बॉल म्हणजे फेदरी. चामड्याचे तुकडे शिवून छोटी पिशवी करायची, ती उलटी करायची आणि ठेवलेल्या भोकातून उकडलेली पिसं कोंबत राहायचं. एका बॉलला उंच हॅट भरेल इतकी पिसं लागत, असं सांगतात. मग वाळवायचा. वाळताना पिसं फुगतात आणि चामडं आकसतं, म्हणून बॉल दगडासारखा टणक होतो. हातखंडा कारागीरसुद्धा दिवसाला तीन-चारच बॉल करू शके, त्यामुळे किंमत भारी. शिवाय पावसात भिजला की आकार गेला, शिवण उसवली. आपल्याकडे कोलकात्याचा रॉयल कलकत्ता गोल्फ क्लब १८२९ मधला, ब्रिटिश बेटांबाहेरचा सगळ्यांत जुना. तेव्हा चांगला बॉल फेदरीच होता. बंगालच्या पावसाळ्यात त्याचं काय होत असेल याचा विचार करून पाहा.

१८४८ च्या सुमारास गटापर्चा आला. मलायाकडच्या एका झाडाचा वाळवलेला चीक. गरम पाण्यात मऊ होतो, गार झाला की कडक. समुद्राखालच्या तारांवर आवरण म्हणून हाच वापरला गेला. बॉल साच्यात दाबून झटपट होऊ लागले, दबला-चेपला तर पुन्हा गरम करून वळता येई, आणि भाव एकदम उतरला. सेंट अँड्र्यूजला अॅलन रॉबर्टसन हा फेदरीचा नामांकित कारागीर. त्याच्याकडे काम करणारा टॉम मॉरिस गटापर्चानं खेळताना दिसला आणि दोघांचं बिनसलं. मॉरिस १८५१ मध्ये प्रेस्टविकला गेला. धंद्यावर गदा आली की गुरु-शिष्याचं नातं किती टिकतं, ते तिकडंही तसंच.

या गटापर्चाच्या बॉलनं खेळाडूंना एक गोष्ट फुकटात शिकवली. नवा कोरा गुळगुळीत बॉल हवेत थोडा जाऊन धपकन पडायचा, आणि मार खाऊन खरवडलेला बॉल जास्त लांब जायचा. लोक मग नव्या बॉलवर हातोडीनं मुद्दाम घाव घालू लागले. आजच्या बॉलवरच्या खळ्यांचं मूळ त्या हातोडीत आहे.

पुढचा बदल अमेरिकेतला. १८९८ मध्ये ओहायोतल्या कोबर्न हॅस्केलनं, गुडरिच कंपनीतल्या बर्ट्राम वर्कच्या साथीनं, रबराचा धागा ताणून गाभ्याभोवती गुंडाळला आणि वर कवच चढवलं. बॉल उसळीला जिवंत झाला. १९०२ ची ब्रिटनची ओपन स्पर्धा सँडी हर्डनं हॅस्केल बॉलनं जिंकली, ती हॅरी व्हार्डनसारख्या नामवंत खेळाडूला एका फटक्यानं मागं टाकून. त्यानंतर गटापर्चाचं काही खरं राहिलं नाही. १९०५ मध्ये विल्यम टेलर या इंग्रज गृहस्थानं उंचवट्यांऐवजी आत गेलेल्या खळ्यांचं पेटंट घेतलं. बॉलचा चेहरा तेव्हापासून साधारण तोच आहे.

धाग्याचा बॉल पुढं जवळजवळ शतकभर चांगल्या खेळाडूंनी सोडला नाही. १९६० नंतर घट्ट रबराचा गाभा आणि वर सर्लिन नावाच्या प्लॅस्टिकचं चिवट कवच असा टू-पीस बॉल निघाला. फाटत नाही, लांब जातो, स्वस्त पडतो. पण ग्रीनवर, म्हणजे भोकाभोवतीच्या अगदी बारीक कापलेल्या गवतावर, थांबत नाही, म्हणून व्यावसायिकांनी तो सामान्य माणसाला सोडून दिला. ही फाळणी मोडली ती २००० साली. टायगर वूड्सनं त्या वर्षी घन गाभ्याचा, वर युरेथेनचं मऊ कवच असलेला बॉल घेतला आणि पेबल बीचची यूएस ओपन १५ फटक्यांनी जिंकली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये टायटलिस्ट कंपनीचा तसाच बॉल, प्रो व्ही वन, व्यावसायिकांच्या हातात आला, आणि धाग्याचे बॉल बघता बघता कपाटात गेले.

हा सगळा पसारा सांगितला तो एवढ्यासाठी, की आज दुकानात जे दोन मुख्य प्रकार दिसतात, आयनोमर म्हणजे सर्लिनच्या जातीचं कवच आणि युरेथेनचं कवच, ते या जुन्या भांडणाचे वारसदार आहेत. एक टिकतो आणि पळतो, दुसरा थांबतो.

खळ्या नेमकं काय करतात

अमरावती रोडवर ट्रकच्या मागं स्कूटर चालवली असेल तर ट्रकच्या पाठीमागचा भोवरा तुम्ही अंगावर घेतला आहे. धूळ, कागद, सगळं आत ओढलं जातं. तिथं हवेचा दाब कमी असतो आणि तोच ट्रकला मागं खेचत असतो. गुळगुळीत बॉलच्या मागं असाच मोठा भोवरा तयार होतो, कारण पृष्ठभागाला चिकटून वाहणारा हवेचा पातळ थर लवकर सुटतो. खळ्या त्या थरात खळबळ माजवतात. खवळलेला थर बॉलला जास्त वेळ धरून राहतो, मागचा भोवरा लहान होतो आणि ओढ सुमारे निम्म्यावर येते. क्रिकेटच्या चेंडूची शिवण स्विंग करते त्यामागंही हीच गंमत आहे, फक्त तिथं ती एकाच बाजूला घडवायची असते.

दुसरं काम उचलण्याचं. क्लब मारताच बॉल मागच्या दिशेनं फिरत निघतो. ड्रायव्हरला मिनिटाला दोन-तीन हजार फेरे, जवळून उंच मारायच्या वेज क्लबच्या पूर्ण फटक्याला आठ-दहा हजार. ही उलटी फिरकी वरची हवा खाली वळवत जाते आणि बॉल वर उचलला जातो. एडिंबरोचे भौतिकशास्त्रज्ञ पीटर गथ्री टेट यांनी १८९० च्या दशकात हे मांडलं. त्यांचा मुलगा फ्रेडी हौशी खेळाडूंचा दोनदा विजेता होता, त्यामुळे घरात प्रयोगाला माणूस तयारच.

आजच्या बॉलवर बहुधा तीनशे ते चारशे खळ्या असतात, खोली पाव मिलिमीटरच्या आसपास. एवढ्याशा खोलीवर सगळा खेळ, म्हणूनच पुन्हा रंगवलेला जुना बॉल घेऊ नये. रंग खळीत साचतो. "३३२ खळ्या की ३८८" याची चर्चा मात्र चहाच्या टपरीवर ठेवावी. त्या आकड्यावरून बॉल निवडता येत नाही.

बॉल कापून पाहिला

एका लेथवाल्या मित्राकडे चार टाकाऊ बॉल पकडीत धरून करवतीनं कापून घेतले. टू-पीसच्या आत एकाच रंगाचा घट्ट रबरी गोळा, वर दीड-दोन मिलिमीटरचं कवच, आणि करवत त्या कवचावरच घसरत होती. टूर बॉल कापायला सोपा गेला. वरचं कवच नखाएवढं पातळ, खाली वेगळ्या रंगाचा कडक पापुद्रा, मग गाभा. कवचावर नखानं दाबलं तर क्षणभर खूण राहते. ती खूण म्हणजे तुमच्या वेजच्या खाचा ज्यात रुततात ती मऊपणाची जागा. जुन्या धाग्याच्या बॉलना मात्र करवत लावू नका. त्यातल्या काहींच्या पोटात दाबाखालचा द्रव असतो आणि तो डोळ्यात उडाल्याच्या जुन्या घटना आहेत.

मोठ्या फटक्याला क्लब इतक्या जोरानं आदळतो की बॉल गाभ्यापर्यंत दबतो. स्पर्श असतो जेमतेम अर्धा मिलिसेकंद. तिथं पातळ कवचाचा फारसा संबंध येत नाही, म्हणून ड्रायव्हरला आपल्यासारख्यांच्या हातात दोन्ही बॉल जवळजवळ सारखेच जातात. वीस यार्डांच्या चिपला, म्हणजे ग्रीनजवळच्या छोट्या फटक्याला, बॉल जेमतेम दबतो, सगळं काम कवच आणि खाचा यांच्यात होतं, आणि तिथं फरक डोळ्यांना दिसतो.

डब्यावर कॉम्प्रेशन नावाचा आकडा कधी असतो, कधी नसतो. बॉल किती सहज दबतो त्याचं ते माप. तीस-चाळीस म्हणजे मऊ, शंभरच्या आसपास म्हणजे कडक. "हळू स्विंगला मऊ बॉलच हवा" हे वाक्य तुम्हाला प्रत्येक जण सांगेल. मला ते अर्धवट वाटतं. जोरदार मारणाऱ्याला फार मऊ बॉलनं अंतर कमी मिळतं हे खरं, पण हळू मारणाऱ्याला कडक बॉलनं अपंगत्व येत नाही. हाताला आणि कानाला काय बरं वाटतं त्यासाठी हा आकडा पाहावा. पटरला टक् असा आवाज आवडतो की ठप्प, हे तुमचं तुम्ही ठरवा.

नियमात मापं ठरलेली आहेत: वजन ४५.९३ ग्रॅमपेक्षा जास्त नको, व्यास ४२.६७ मिलिमीटरपेक्षा कमी नको. पूर्वी ब्रिटिशांचा बॉल याहून लहान, ४१.१५ मिलिमीटरचा होता आणि वाऱ्यात बरा जायचा. १९७४ च्या ओपनपासून मोठा बॉल सक्तीचा झाला, १९९० मध्ये लहान बॉल सगळीकडून बाद झाला. शिवाय बॉलच्या सुरुवातीच्या वेगाला आणि एकूण अंतराला वरची मर्यादा आहे. म्हणजे "आमचा बॉल तीस यार्ड जास्त जातो" असं कुणी सांगितलं तर एक तर तो नियमात बसत नाही, किंवा सांगणारा बसत नाही.

आता निवड, पायरीपायरीनं

पहिली पायरी पैशाची आहे आणि ती सगळे टाळतात. पाच फेऱ्या खेळा आणि स्कोअरकार्डच्या मागं फक्त हरवलेले बॉल मोजा. माझे पाच फेऱ्यांत सतरा गेले होते. टूर बॉलच्या एका डझनाच्या पैशात चांगले टू-पीस दोन-तीन डझन येतात. फेरीला तीन-चार बॉल जात असतील तर युरेथेनचा विचार पुढच्या वर्षावर ढकला, कारण बॉल महाग असला की हात आखडतो. पाण्यावरून मारताना खिशातला जुना बॉल काढणारे लोक तुम्ही पाहिले असतील. ज्या बॉलची अशा वेळी भीती वाटते तो तुमचा बॉल नव्हे.

दुसरी पायरी त्याच पाच फेऱ्यांची. ग्रीनच्या तीस यार्डांच्या आत आल्यावर भोकात जाईपर्यंत किती फटके लागले, ते प्रत्येक होलला लिहा. आणि एक शब्द: बॉल आखूड राहिला की पळून गेला. माझ्या कागदावर "पळाला" हा शब्द निम्म्याहून जास्त वेळा आला, तेव्हा कुठं मला युरेथेनचा विचार करण्याचं खरं कारण सापडलं. तुमच्या कागदावर "आखूड" जास्त असेल तर थांबणारा बॉल तुमचं नुकसानच करील.

तिसरी पायरी: दोनच उमेदवार घ्या. एक आयनोमर कवचाचा, एक युरेथेनचा, प्रत्येकी तीन बॉलची एक स्लीव्ह. पाच-सहा ब्रँड एकदम तपासायला घेतलेत तर संध्याकाळी डोक्यात फक्त नावं उरतात. डब्यावर कवचाचं नाव शोधा. "सॉफ्ट", "फील", "टूर" हे शब्द जाहिरातीचे आहेत, त्यांवर भरवसा ठेवू नका.

चौथी पायरी प्रत्यक्ष परीक्षा. इथं क्रम महत्त्वाचा आहे आणि तो बहुतेकांच्या सवयीच्या उलटा आहे. सरावाच्या रेंजवर जाऊन आधी ड्रायव्हर काढायचा नाही. सकाळी लवकर, वारा नसताना, ग्रीनवर जा. दोन मीटरचे सहा पट (पटरचे फटके), मग आठ-दहा मीटरचे सहा, तीन या बॉलनं, तीन त्या. अंतराचा अंदाज कुठल्या बॉलनं लवकर बसतो ते पाहा. मग ग्रीनच्या कडेपासून वीस पावलांवर या. मध्ये बॅग आडवी टाका, तिच्यावरून त्याच वेजनं चिप करा आणि बॉल पहिल्यांदा टेकतो तिथं मित्राला टी (बॉल ठेवायची खुंटी) खोचायला सांगा. टीपासून बॉल थांबला तिथपर्यंत पावलं मोजा. दहा-दहा चिप मारा, फसलेल्या वगळा. माझी सरासरी टू-पीसची सात पावलं आली, युरेथेनची चार. तीन पावलं म्हणजे माझ्या हातात एक पट विरुद्ध दोन पट.

मामा हे सगळं बघत होते. "साहेब, काय करून राहिले?" मी समजावलं. ते म्हणाले, "हाव, पण हे दोन्ही बॉल तुम्ही टाकून राहिले त्याच जागी टाका ना. या बॉलले तिथं टाकता, त्या बॉलले इथं." बरोबर होतं. मऊ बॉलवर विश्वास असल्यामुळे मी तो नकळत जास्त आत टाकत होतो. दुसऱ्या दिवशी चाचणी पुन्हा केली, तेव्हा फरक तीनवरून दोन पावलांवर आला. तुम्हीही टेकण्याची जागा आधी टॉवेलनं आखून घ्या.

त्यानंतर पन्नास यार्डांची पिच (उंच उडवलेला फटका), मग सात नंबरचं आयर्न, म्हणजे मधल्या अंतराचा क्लब. आयर्नला उंची पाहा: दोन्ही बॉल एकाच उंचीवर जातात की एक खालून जातो? खालून जाणारा आमच्याकडच्यासारख्या कडक जमिनीवर पळतो. ड्रायव्हर शेवटी, तोही फक्त एवढंच बघायला की निवडलेला बॉल काही विचित्र तर करत नाही. दहा यार्डांचा फरक दिसला तरी तो बॉलचा आहे की त्या फटक्याचा, हे आपल्याला सांगता येत नाही.

पाचवी पायरी: ठरवा आणि निदान दहा फेऱ्या तोच बॉल खेळा. एकाच फेरीत तीन जातींचे बॉल खेळणाऱ्याला आपली चिप किती पळते ते कधीच कळत नाही. चुकीचा बॉल रोज खेळलेला परवडतो, बरोबर बॉल अधूनमधून खेळून उपयोग नाही.

नागपूरचा उन्हाळा, नागपूरचा चिखल

इथं मला बाहेरच्या लेखांवर विसंबून राहता आलं नाही, कारण ते थंड देशांतून येतात. डिसेंबरच्या पहाटे आपल्याकडे दहा-बारा अंश असतात, मे महिन्यात पंचेचाळीस. या दोन हवांच्या घनतेत सुमारे दहा टक्क्यांचा फरक पडतो. विरळ हवेत ओढ कमी, बॉल लांब. थंडीत रबरही सुस्त असतं, गाभा तितक्या जोरानं उसळत नाही. म्हणून थंडीत एक नंबर लांबचा क्लब घ्या, बॉलला दोष देऊ नका. थंडीच्या फेरीत पुढचा बॉल पँटच्या खिशात ठेवलेला बरा.

उन्हाळ्यात उलटं संकट. सीताबर्डीत दुपारी उन्हात उभ्या असलेल्या गाडीची डिकी उघडून पाहा, हात आत घालवत नाही. बॉल तिथं महिनोन् महिने ठेवू नयेत. घरातल्या कपाटात, खोलीच्या तापमानाला चांगले बॉल वर्षानुवर्षं टिकतात. मुद्दाम गरम करून बॉलची कामगिरी बदलणं तर नियमातच बसत नाही, तेव्हा "डिकीत गरम केलेला बॉल लांब जातो" ही क्लृप्ती मित्रांपुरतीच ठेवा.

मे महिन्यात फेअरवे, म्हणजे ग्रीनकडे नेणारी कापलेल्या गवताची पट्टी, फरशीसारखा होतो. बॉल टेकल्यावर इतका पळतो की कवचाचा फरक ग्रीनच्या आसपासच उरतो, पण तिथं तो फार मोठा असतो. जुन्या छावण्यांतल्या कित्येक कोर्सांवर ग्रीनच्या जागी ब्राउन असत, दाबलेल्या वाळूचे. तिथं फिरकी वगैरे विसरून बॉल लोळवत न्यायचा. असा कोर्स असेल तर टू-पीस घ्या आणि पुढं वाचू नका.

पावसाळ्यात काळी माती बोलते. ग्रीन मऊ, कुठलाही बॉल थांबतो, मग थांबण्याचे पैसे कशाला भरायचे? शिवाय बॉल उंचावरून आला की मातीत आपल्याच खड्ड्यात रुतून बसतो. नियमानुसार असा रुतलेला बॉल कोर्सच्या सर्वसाधारण भागात दंड न घेता उचलून शेजारी सोडता (ड्रॉप करता) येतो, पण आधी तो दिसायला हवा. शोधायला मिळतात तीन मिनिटं. मी जुलै ते सप्टेंबर टू-पीस खेळतो आणि ऑक्टोबर हीट ओसरली की युरेथेनवर येतो. दहा फेऱ्या एकच बॉल, या माझ्याच नियमाला त्यानं बाध येत नाही, कारण हंगाम दहा फेऱ्यांहून मोठा असतो.

रंगाचं म्हणाल तर उन्हाळ्यात वाळल्या गवतावर पिवळा बॉल हमखास दिसेनासा होतो, पांढराच बरा. नारंगी बॉल हिरव्या पावसाळी गवतावर छान उठतो. फाल्गुनात मात्र पळसाखाली नारंगी बॉल शोधून दाखवाच. मी दोन घालवले. संत्रानगरीचा अभिमान म्हणून घेतले होते.

जुने, नकली आणि वाकडे

सापडलेले बॉल घ्यायला हरकत नाही, पण तळ्यातले नकोत. पाण्यात किती दिवस होता ते कुणी सांगू शकत नाही. उजेडात धरून पाहा: पांढरेपणा राखाडी झाला असेल, छापील अक्षरं पुसट असून वरची चकाकी मात्र कोरी असेल, तर तो पुन्हा रंगवलेला. बोटानं खळीची कड चाचपा. ती धारदार लागायला हवी.

एकदा मला अर्ध्या किमतीत टूर बॉलचा डबा मिळाला. शंका आली म्हणून इतवारीच्या सराफ्यात एका ओळखीच्या दुकानात सोन्याच्या काट्यावर ठेवला. दुकानदार हसला, पण वजन करून दिलं. एका डब्यातल्या तीन बॉलमध्ये जवळपास एक ग्रॅमची तफावत होती. चांगल्या बॉलमध्ये इतका फरक पडत नाही.

घरी करायचा प्रयोग हवा असेल तर मीठ घ्या. बॉल पाण्यापेक्षा थोडासाच जड असतो, घनसेंटिमीटरला साधारण १.१३ ग्रॅम. एक लिटर कोमट पाण्यात दोनशे ग्रॅम मीठ विरघळवा, मग चमचा चमचा वाढवत जा. अडीचशेच्या आत बॉल बुडापासून उठून तरंगायला लागतो. त्याला बोटानं गिरकी द्या, थांबल्यावर वर आलेल्या जागी पेननं ठिपका करा, पुन्हा गिरकी द्या. दर वेळी तोच ठिपका वर आला तर खालची बाजू जड आहे. असा बॉल पटिंगला संथ झाल्यावर वळू शकतो. नामांकित कंपन्यांच्या नव्या बॉलमध्ये मला हे क्वचितच दिसलं. पण त्या अर्ध्या किमतीच्या डब्यातले तिन्ही बॉल हट्टानं एकाच गालावर झोपत होते. बायकोनं विचारलं, लोणच्याचं मीठ कुठं गेलं.

खूण

बॉलवर १ ते ४ असा आकडा असतो, तो ओळखीसाठी, दर्जासाठी नाही. चौघांपैकी दोघांकडे एकाच कंपनीचा, एकाच आकड्याचा बॉल असणं रोजचं आहे. दुसऱ्याचा बॉल मारलात तर स्ट्रोक प्लेमध्ये (एकूण फटके मोजतात तो खेळ) दोन फटक्यांचा दंड, मॅच प्लेमध्ये (एकेक होल जिंकायचा तो खेळ) होलच गेला. म्हणून स्वतःची खूण पक्क्या मार्करनं, दोन बाजूंना करा. कावळ्यानं बॉल पळवला आणि ते नक्की दिसलं असेल तर मूळ जागी दुसरा बॉल ठेवता येतो, दंड नाही. पण कावळ्याच्या चोचीतला बॉल तुमचाच होता हे सांगायलाही खूणच लागते.

या जूनमध्ये मामांनी पुन्हा गोणी उपडी केली. निळ्या दोन ठिपक्यांचे बॉल अकरा निघाले, दहा टू-पीस आणि एक युरेथेनचा. मी सगळे विकत घेतले. मामांनी तो एक वेगळा काढून हातात दिला. "हा तुमचा नवव्या होलवरचा, नोव्हेंबरचा. त्या दिवशी थांबला होता बरोबर, पण तुम्ही दुसरीकडेच शोधून राहिले होते."